पाऊण इंची पट्टीचं शटर: ऑटो हिंज बसवायची कुठे?

किचनच्या शटरची, म्हणजे कपाटाच्या दाराची, चौकट दिवसेंदिवस बारीक होत चालली आहे. जुन्या शटरला सव्वादोन इंची पट्टी असायची, म्हणजे 57 मिमीच्या आसपास. आता तालुक्याच्या दुकानातही पाऊण ते एक इंची पट्टीचे नमुने आधी पुढे येतात. दिसायला ते देखणे आहेत, यात वाद नाही. पट्टी बारीक झाली की मधली पाटी मोठी दिसते आणि आठ बाय दहाचं स्वयंपाकघर जरा मोकळं वाटतं. पण शटर भिंतीवर टांगलेलं चित्र नाही. दिवसातून वीसदा ते ओल्या, पिठाच्या हातानं ओढलं जातं.

बाजारात हा माल तीन रूपांत मिळतो. एक, अ‍ॅल्युमिनिअम प्रोफाइलची चौकट आणि आत काच. दोन, 18 मिमीच्या एमडीएफ किंवा एचडीएचएमआर बोर्डातून (दोन्ही लाकडाचे तंतू दाबून केलेले, दुसरा जास्त घट्ट आणि ओल सोसणारा) मशीननं मधला भाग खोदून काढलेलं अखंड शटर, त्यावर रंग किंवा पीव्हीसी फॉइल. तीन, सागाच्या चार पट्ट्या जोडून मध्ये पातळ पाटी बसवलेलं. तिन्हींचं दुखणं एकच: पट्टी इतकी बारीक की हिंज, हँडल आणि कुलूप यांना बसायला जागाच उरत नाही.

हिंजचंच गणित मांडू. ऑटो हिंज म्हणजे आपोआप मिटणारी बिजागरी, तिचा गोल कप शटरच्या मागे भोक पाडून बसवतात. नेहमीच्या हिंजच्या कपाचा व्यास 35 मिमी. कप शटरच्या कडेपासून साधारण 5 मिमी सोडून बसतो, म्हणजे तो संपतो कडेपासून 40 मिमीवर. पट्टी 20 मिमीची असेल तर अर्धा कप पट्टीत आणि अर्धा मधल्या पातळ पाटीत जातो. जुन्या 57 मिमीच्या पट्टीत तो अख्खा मावायचा, म्हणून हा प्रश्न कधी आलाच नाही. आता जाडी बघा. 18 मिमीच्या बोर्डात पुढून 6 मिमी खोदलं की मागे 12 मिमी उरतात, आणि कपासाठी खोली लागते साडेअकरा ते 13 मिमी. भोक एकतर आरपार जातं, नाहीतर पुढच्या बाजूला कागदासारखा पापुद्रा राहतो. रंग नवा असताना तो दिसत नाही. सहा महिन्यांत तिथे गोल चट्टा उमटतो, अंगठ्यानं दाबलं तर दबतो. हिंजचे दोन्ही स्क्रूही कपाच्या अंगालाच बसतात, त्यामुळे तेही पातळ भागात जातात. नेहमीचा 16 मिमीचा स्क्रू 12 मिमीच्या पाटीतून पुढे टोक काढतो. मिस्त्री मग टोक कापून बुटका स्क्रू मारतो. तो दोन-चार आट्यांवर धरतो आणि एक दिवस पिठासारखा भुसा घेऊन बाहेर येतो.

यावर इलाज आहे, पण तो ऑर्डर देतानाच करावा लागतो. खोदाई 6 ऐवजी 3 मिमीच ठेवायला सांगा. मागे 15 मिमी उरतात, 12 मिमीचा कप नीट बसतो आणि सावलीची रेघ तेवढीच देखणी दिसते. 26 मिमी कपाची लहान हिंजही मिळते, पण ती लहान, हलक्या शटरांसाठी. 720 मिमी उंच आणि 450 मिमी रुंद एचडीएचएमआर शटर पाच किलोच्या जवळ जातं, ते तिच्या जिवावर सोडू नये.

अ‍ॅल्युमिनिअममध्ये 45 मिमी रुंद प्रोफाइल घेतलं तर नेहमीची कपाची हिंज चालते. 20 मिमीच्या बारीक प्रोफाइलला तिची वेगळी हिंज लागते आणि तिच्यासाठी चौकटीत नेमकी खाच पाडावी लागते. कारखान्यात ही खाच मशीनवर पडते. गावातला फॅब्रिकेटर तीच खाच ड्रिल आणि कानसीनं पाडतो, ती अर्धा मिमी सैल झाली की शटर पहिल्याच दिवसापासून लचकतं. म्हणून बारीक प्रोफाइल घ्यायचंच असेल तर खाच पाडून आलेलीच चौकट मागा.

हिंजची दुसरी बाजू कुठे बसते तेही बघा. आपल्याकडे ओट्याखाली बहुतेक घरांत कडप्प्याच्या उभ्या फरश्याच असतात. कडप्प्यात हिंजची प्लेट धरत नाही. मिस्त्री ओट्याला लाकडी पट्टी ठोकतो आणि तिच्यावर प्लेट बसवतो. जाड चौकटीच्या शटरमागे ती पट्टी झाकली जाते, काचेच्या बारीक शटरमागे ती उघडी दिसते, उधई लागली तर तीही दिसते. कडप्प्याच्या खणात शटर लावायचं तर आधी आयएस 710 चा (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का असलेल्या प्लायचा डबा बसवावा. दोन्ही बाजूंच्या प्लायच्या जाडीएवढा खण अरुंद होतो, ट्रॉलीचं माप त्यानुसार घ्यावं लागतं.

हँडलचंही तेच. गोल मुठीचा बूड 30 मिमीचा असला तर त्याच्या कडा 20 मिमीच्या पट्टीबाहेर हवेत राहतात. लांब दांडीचं, 10-12 मिमी बुडाचं हँडल बसतं, पण भोक पट्टीच्या बरोबर मध्यावर पडलं पाहिजे. दोन मिमी इकडेतिकडे झालं की वाकडेपण लांबून दिसतं. हँडल मधल्या पाटीवर घेतलं तर सोबत आलेला 25 मिमीचा स्क्रू लांब पडतो. तो शेवटपर्यंत आवळला तरी हँडल खुळखुळत राहतं. मिस्त्री मागे वायसर घालतो, तात्पुरतं भागतं. स्क्रू पाटीच्या जाडीप्रमाणे आखूडच घ्यावा.

कुलपाचा विषय दुकानात निघत नाही, पण खेड्यात एका तरी खणाला कुलूप लागतं. तुपाची बरणी, सणासुदीचं सामान, कधी घरातला रोकडा. शटरच्या कुलपाला 20 मिमीच्या आसपास नळा आणि त्याभोवती बॉडी लागते. पाऊण इंची पट्टीत ते बसत नाही आणि काचेत तर प्रश्नच नाही. कुलपाचा एक खण सपाट शटरचा ठेवा. रंग तोच घेतला की डोळ्याला खटकत नाही.

आता जमिनीची गोष्ट, कारण विदर्भात ती सोडून घराबद्दल बोलता येत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया पुरेसा खोल नसेल तर फरशी आणि ओटा दरवर्षी थोडाथोडा हलतो, आणि शटरांमधली फट वर दोन मिमी तर खाली चार मिमी होते. सव्वादोन इंची पट्टीशेजारी हा दोन मिमीचा फरक तिच्या अठ्ठाविसाव्या हिश्श्याएवढा असतो, कुणाच्या लक्षात येत नाही. 20 मिमीच्या पट्टीशेजारी तोच फरक दहावा हिस्सा होतो आणि सगळी रांग वाकडी दिसते. हिंजवर दोन-तीन मिमी इकडेतिकडे करायची सोय असते, म्हणून पावसाळा सरल्यावर आणि मे महिन्यात असं वर्षातून दोनदा स्क्रू फिरवून रांग सरळ करावी लागेल हे धरून चाला. हिंज बसवताना तिचे स्क्रू मधोमध ठेवायला सांगा. मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी एका टोकापर्यंत आवळले तर पुढे फिरवायला काही उरत नाही.

बारीक पट्टीवर धूळ कमी बसते असं दुकानदार सांगतो. ते उलटं आहे. धूळ आणि तेल बसतं ते पट्टी आणि पाटी जिथे मिळतात त्या कोपऱ्यात. 450 बाय 720 च्या शटरात जाड चौकटीची ही आतली कड 1884 मिमी भरते, तर 20 मिमीच्या चौकटीची 2180 मिमी. दर शटरमागे जवळजवळ एक फूट कोपरा जास्तच पुसावा लागतो. फोडणीची वाफ, भाकरीचं पीठ आणि कवेलूतून झिरपणारी धूळ, तिन्ही मिळून खालच्या कडेवर जो चिकट थर जमतो तो ओल्या फडक्यानं जात नाही. कोपरा काटकोनी असेल तर बोटही आत पोहोचत नाही. खोदाईला 45 अंशाचा उतार मागा, पुसणं निम्मं होतं.

पुसायचं कशानं, हेही बघून घ्या. अ‍ॅल्युमिनिअमच्या चौकटीला चुलीची राख आणि धुण्याचा सोडा दोन्ही लावू नये. दोन्ही अल्कधर्मी, वरून राखेचे चरे पडतात. रंगवलेल्या किंवा अ‍ॅनोडाइज केलेल्या (विजेच्या प्रक्रियेनं वर कवच चढवलेल्या) पृष्ठावर पांढरट डाग उठतात ते कायमचे. चिंच-लिंबूही नको. कोमट पाणी, भांड्याचा पातळ साबण, मऊ फडकं आणि लगेच कोरडं पुसणं, एवढंच पुरतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात पाणी क्षारांचं. ते चौकटीच्या खालच्या खाचेत सुकलं की हिंजवर गंज आणि अ‍ॅल्युमिनिअमवर बारीक खड्डे येतात. सिंकखालच्या खणाला तिथे प्रोफाइलचं शटर देऊच नये.

फॉइलच्या शटरबद्दल थोडक्यात. उथळ, रुंद खोदाईत फॉइल नीट बसते. बारीक पट्टीच्या अरुंद काठावर ती ताणली जाते आणि कुकरच्या वाफेनं आधी तिथूनच सुटते. रंगाचं शटर बरं, पण एमडीएफ खोदल्यावर आतला भाग सच्छिद्र असतो, तो रंग पितो. सीलरचे दोन हात, मध्ये पॉलिशपेपर, मग रंग. आणि मागची बाजूही पुढच्याएवढीच रंगवलेली हवी. मागून कच्चं ठेवलेलं शटर पावसाळ्यात धनुष्यासारखं वाकतं. दुकानात नमुना पालथा करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

सागाचा मोह विदर्भात होणारच, चंद्रपूर-गडचिरोलीचा साग घरच्या दारा-चौकटींना लागलेला असतो. पण पाऊण इंची पट्टीत सालेचं, म्हणजे एका पट्टीची जीभ दुसरीच्या खाचेत बसवून केलेल्या जोडाचं, काय होतं ते वाढईला (सुताराला) विचारा. जुन्या पट्टीत सालेची जीभ 40 मिमी लांब, 45 मिमी रुंद घेता यायची, दोन्ही बाजू मिळून चिकटायला 3600 चौरस मिमी जागा. बारीक पट्टीत पाटीची खाच वजा करता जीभ 14 बाय 14 मिमीचीच उरते, म्हणजे 392 चौरस मिमी. नऊपट कमी. अशी चौकट हँडलजवळून ओढत राहिलं की ती तिरपी होते. त्यावर लांबीची मर्यादा आहे. 900 मिमी उंचीपर्यंत दोन हिंजवर निभावतं. त्याच्या वर तीन, 1600 च्या वर चार, आणि 1200 च्या पुढे मध्ये आडवी पट्टी नसेल तर बारीक चौकट पीळ खातेच. सागात एक जमेची बाजू मात्र आहे: कपाची हिंज सोडून जुनी दोन पात्यांची पितळी बिजागरी कडेवर बसवता येते, तिला पट्टीची रुंदी लागतच नाही. एमडीएफच्या कडेत तीच बिजागरी मारली तर बोर्ड फाटतो.

काचेचं वजन धरा: दर मिमी जाडीमागे चौरस मीटरला अडीच किलो. 4 मिमीच्या काचेचं 450 बाय 720 शटर सव्वातीन किलोचं होतं, चौकट वेगळी. काच टफन केलेलीच (तापवून मजबूत केलेली) घ्या आणि कोपऱ्यात आयएस 2553 चा, म्हणजे सुरक्षित काचेच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघा. टफन केलेली काच नंतर कापता येत नाही, म्हणून प्लायचा डबा बसल्यानंतरच मापं घ्यावीत, नकाशावरून नाही. कोपऱ्यातले एल-जोड आणि रबराची पट्टी या दोन गोष्टी इथे आधी जातात. 45 अंशाच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या किचनमध्ये हलकं रबर आक्रसतं, काच चौकटीत वाजू लागते.

एवढं असूनही बारीक पट्टीची जागा आहे. ओट्यावरची भिंतीची कपाटं, तिथे ओल नाही, लाथ नाही, ओढाताण कमी. आणि चमच्या-वाट्यांची 150 मिमी उंच ट्रॉली. तिला जाड चौकट घातली की मध्ये फक्त 36 मिमीची पट्टी दिसते, ते विचित्र वाटतं. बारीक चौकटीत 110 मिमी उरते, हँडलही ऐसपैस बसतं. ट्रॉलीला हिंजच नसते, म्हणून वरचं सगळं रडगाणं तिथे लागू होत नाही. सिलिंडरच्या खणाला मात्र कोणतीही बारीक चौकट नको. सिलिंडर तिरपा करून आत ढकलताना त्याचा काठ चौकटीवर आपटतो आणि कोपऱ्याचा जोड उघडतो. शिवाय गॅस हवेपेक्षा जड असतो, खालून हवा खेळायला हवी. तिथे खाली जाळी असलेलं जाड सपाट शटर लावावं.

शटरचा भाव चौरस फुटावर सांगतात. त्यात हिंज, हँडल आणि खाच पाडण्याची मजुरी धरली आहे का, हे आधी विचारा. बारीक प्रोफाइलची हिंज तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात सहसा मिळत नाही, नागपूर किंवा अमरावतीहून मागवावी लागते. म्हणून ऑर्डरसोबतच दोन हिंज आणि हातभर रबरपट्टी जास्तीची घ्या. हिंजवर कोरलेला नंबर बिलावर लिहून घ्या, कारण फोनवरून दुकानदाराला ‘ती बारीकवाली’ एवढंच सांगितलं तर येणारी हिंज दुसऱ्याच खाचेची असते.