लाल फिल्टर (२५ नंबर), सहा महिने वापरल्यानंतर

लेन्सच्या पुढे बसवायची ही लाल काच मे महिन्यात घेतली होती, ५२ एमएमची, निकॉन एफएम१० या फिल्म कॅमेऱ्याच्या ५० एमएम लेन्सवर लावतो, फिल्म इलफर्ड एचपी५, ब्लॅक अँड व्हाइट. काँक्रीटची मोठी बांधकामं ब्लॅक अँड व्हाइटमध्ये काढायची आवड असेल आणि कोकणात राहत असाल तर हा घ्याच, फक्त पाऊस गेल्यावर वापरा.

हे मला पानवलच्या पुलावर कळलं. रत्नागिरीजवळचा कोकण रेल्वेचा पूल, ४२४ मीटर लांब आणि ६४ मीटर उंच, खाली दरीत उभं राहून वर बघितलं की मान दुखते. मे मध्ये पहिला रोल तिथेच काढला आणि आभाळ पांढरं ते पांढरंच आलं, पूल त्यात विरघळून गेला. फिल्टर अडवतो निळा प्रकाश, आणि उन्हाळ्यातल्या दमट हवेत आभाळात निळं उरलेलंच नसतं, मग तो करणार काय. ऑक्टोबरमध्ये सकाळी त्याच जागी गेलो, सूर्य पाठीमागे ठेवला, आणि निगेटिव्ह बघून अक्षरशः नाचलो! आभाळ जवळजवळ काळं, खांब पांढरेशुभ्र, त्यांच्यावर पावसाच्या पाण्याचे ओघळ एकेक मोजता येतील असे. आणि ज्याचा मी विचारच केला नव्हता ते म्हणजे जांभ्याचा गडगा, तो लाल असल्यामुळे चुना फासल्यासारखा उजळ आला आणि मागची झाडी गडद, त्यामुळे फोटोच्या खालच्या भागालाही जोर आला.

आता त्रास. तीन स्टॉप प्रकाश जातो (दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो), म्हणजे कडक उन्हात लेन्सचं छिद्र एफ १६ ला ठेवून शटर १/५०० सेकंद चालायचं तिथे १/६० वर यावं लागतं. ट्रेन येणार असेल तर मी एफ ८ ला १/२५० ठेवतो, ४०० आयएसओची, म्हणजे कमी प्रकाशात चालणारी फिल्म म्हणूनच हे जमतं. फिल्टर लावून कॅमेऱ्याच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरवर विसंबू नका, माझ्या पहिल्या रोलच्या निगेटिव्ह प्रकाश कमी पडून पातळ आल्या, आता आधी फिल्टर काढून मीटर बघतो आणि मग तीन स्टॉप वाढवतो. फोकससुद्धा फिल्टरशिवाय केलेला बरा कारण व्ह्यूफाइंडर अंधारा होतो.

सावलीचं मात्र लक्षात ठेवा. सावलीत येणारा प्रकाश बराचसा निळ्या आभाळाचा, तोच हा कापतो, त्यामुळे पुलाच्या खालची बाजू ठार काळी होते. मला कधी कधी ते हवं असतं, पण काँक्रीटचा पोत सावलीतही दिसायला हवा असेल तर नारिंगी फिल्टर घ्या, दोनच स्टॉप जातात आणि आभाळही बऱ्यापैकी गडद होतं.

डिजिटलवाल्यांनी हा विकत घेऊ नये. कलर सेन्सरचे लालसाठी चारातले एकच पिक्सेल असतात, बाकीचे तीन फुकट जातात, त्यापेक्षा रंगीत फोटो काढून नंतर सॉफ्टवेअरमध्ये ब्लॅक अँड व्हाइट करताना निळा गडद करा.

एक तक्रार रिंगची. माझी अ‍ॅल्युमिनियमची आहे, भाट्याच्या समुद्रावर संध्याकाळभर होतो आणि घरी आल्यावर फिल्टर लेन्सवर घट्ट बसलेला, निघेचना. शेवटी कडेने जाड रबरबँड गुंडाळून हलक्या हाताने फिरवला तेव्हा सुटला, जोरात दाबलं की रिंग वाकते आणि अजून अडकते. आता किनाऱ्यावरून आलो की लगेच काढून पुसतो आणि सिलिका जेलच्या डब्यात ठेवतो. पितळी रिंगचा मिळाला तर थोडे पैसे जास्त द्या पण तोच घ्या.