शेणखत, कोंबडीखत की डुकराचं खत : रब्बी कांद्याच्या एका एकराचा हिशोब

खेड, शिरूर, जुन्नर भागात कांद्याच्या लागवडीआधी हा प्रश्न येतोच. शेणखताला ट्रॉल्या फार लागतात, कोंबडीखत जवळच्या पोल्ट्रीतून मिळतं, आणि कुठे वराहपालन असेल तर तिथलं खत 'घेऊन जा' म्हणतात. फुकट मिळतं म्हणून लगेच ट्रॉली जोडू नका.

आधी माल मिळण्याचं बघू. 2003 च्या पशुगणनेत देशात सुमारे 1.35 कोटी डुकरं होती. 2012 मध्ये ती 1.03 कोटी झाली आणि 2019 मध्ये 90.6 लाख, म्हणजे सात वर्षांत 12 टक्के घट. त्यातली 21 लाख एकट्या आसामात. त्याच 2019 च्या गणनेत कोंबड्या मात्र जवळपास 17 टक्क्यांनी वाढून 85 कोटींवर गेल्या. 2020 मध्ये ईशान्येत आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरं मारणारा रोग आला, तो या गणनेनंतरचा. जमिनीत किती डुकराचं खत गेलं याचे 1961 पासूनचे राष्ट्रीय आकडे एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) देते, पण ते कोणी शेतात मोजलेले नसतात. डोक्यांची संख्या, दर जनावरामागचं नत्र आणि गोठ्याची पद्धत यांचा तो गुणाकार असतो. मोकाट फिरणाऱ्या डुकराचं शेण गटारात जातं, शेतात नाही, हे ते आकडे बघताना लक्षात ठेवायचं. थोडक्यात, दरवर्षी त्याच भरवशावर नियोजन करावं असं हे खत आपल्याकडे नाही. नेदरलँड्स, डेन्मार्कमध्ये रड उलटी आहे: तिथे खत जास्त होतं म्हणून युरोपच्या 1991 च्या नियमाने जनावरांच्या खतातून हेक्टरी वर्षाला 170 किलो नत्राची मर्यादा घातली. तिकडची पुस्तकं वाचून इकडचं प्रमाण ठरवू नये.

आता हिशोब. कांद्याला हेक्टरी 100:50:50 धरलं तर एकरी 40 किलो नत्र, 20 किलो स्फुरद, 20 किलो पालाश. खतांची ताकद ढोबळमानाने अशी: शेणखतात नत्र 0.5, स्फुरद 0.2, पालाश 0.5 टक्के. कोंबडीखतात 3.0, 2.6, 1.4. डुकराच्या ताज्या शेणात 0.55, 0.5, 0.4.

बहुतेक जण नत्र बघून खत निवडतात. चूक तिथेच होते. कोंबडीखत आणि डुकराचं खत यांत नत्र आणि स्फुरद जवळपास सारखं असतं, पण कांद्याला नत्र स्फुरदाच्या दुप्पट लागतं. नत्र पुरं करायला गेलात की स्फुरद दुप्पट पडतं, दरवर्षी साचतं आणि पिकाला जस्त कमी मिळू लागतं. म्हणून स्फुरदावर मोजा. 20 किलो स्फुरदासाठी शेणखत 10 टन लागतं, म्हणजे साधारण 5 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). डुकराचं शेण 4 टन. कोंबडीखत फक्त 770 किलो.

गंमत पुढे आहे. पहिल्या हंगामात शेणखतातलं पाव नत्र पिकाला मिळतं, डुकराच्या खतातलं चाळीस-पन्नास टक्के, कोंबडीखतातलं निम्मं. वरच्या मात्रांना हे लावलं तर तिन्हींतून हातात येतं साधारण 9 ते 12.5 किलो नत्र. उरलेल्या 30 किलोंसाठी युरियाची दीड गोणी कुठल्याही खतात टळत नाही. मग फरक उरतो तो वाहतुकीचा, सेंद्रिय पदार्थाचा आणि खोडींचा.

शेणखताची खोड म्हणजे गाजरगवताचं बी आणि अर्धवट कुजलेल्या खताबरोबर येणारी हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी. पण भारी काळ्या जमिनीची घडण सुधारायची तर 10 टनांचा तो भार 770 किलोंतून येणार नाही. कोंबडीखत ताजं टाकलं की मुळं करपतात. काही पोल्ट्रींत कोंबड्यांखाली अंथरलेल्या तुसावर चुना मारतात. त्याने अमोनिया उडून जातो आणि तुम्ही 3 टक्क्यांचा भाव देऊन दीड टक्क्याचा माल उचलता. ट्रॉलीत डोळे चुरचुरत असतील तर ते तुमचंच नत्र उडतंय.

डुकराच्या खताला खोडी जास्त. अर्ध्याहून जास्त नत्र मुतात असतं. फरशी धुऊन पाणी गटारात सोडलं असेल तर उरलेल्या शेणात दम कमीच. फॅक्टरीच्या खाद्यावर वाढवलेल्या डुकरांच्या खतात तांबं आणि जस्त जास्त येतं. जस्ताची आपल्या जमिनींना गरज असते, पण तांबं साचत जातं, म्हणून एकाच वावरात वर्षानुवर्षे ते टाकू नये. पुणे-पिंपरीच्या आसपास डुकरं हॉटेलच्या उष्ट्यावर पोसली जातात. त्यातलं मीठ खतात उतरतं. इंदापूर-बारामतीकडे जमीन आधीच खारवट असेल तर हे खत नकोच. शिवाय त्यात जंतांची अंडी आणि साल्मोनेला असतो, आणि कांदा तर मातीतच वाढतो. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत मातीला लागणाऱ्या पिकासाठी कच्चं खत आणि काढणी यांत 120 दिवस लागतात. रब्बी कांदा लागवडीपासून 110-120 दिवसांत निघतो. म्हणजे लागवडीच्या तोंडावर कच्चं टाकणं बसतच नाही. कच्च्या खतातलं नत्र उशिरा सुटलं तर कांद्याची मान जाड राहते, आणि असा कांदा साठवणीच्या चाळीत आधी सडतो.

घ्यायचंच असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ढीग लावा. एक भाग शेणाला आकारमानाने दोन भाग उसाचं पाचट, दोन-तीन इंची कुट्टी करून. लांब पाचट तसंच टाकलं तर त्याची चटई होते आणि फावडं चालत नाही. ढीग पाच फूट रुंद, चार फूट उंच, वर ताडपत्री. आत 55 अंश उष्णता 15 दिवस टिकायला हवी आणि तेवढ्यात पाच वेळा ढीग पलटायला हवा. घरगुती परीक्षा अशी की लोखंडी सळई दहा मिनिटं आत ठेवून काढली तर हातात धरवत नाही. वास सडका येत असेल तर ओल जास्त झाली, आणखी पाचट घाला. मग दीड-दोन महिने मुरू द्या.

माझं मत विचाराल तर: जमीन भारी आणि जनावरं घरची, तर शेणखत. मुरमाड, लांबचं रान आणि मजूर कमी, तर मुरवलेलं कोंबडीखत, पण दर दोन-तीन वर्षांनी शेणखत किंवा तागाचं हिरवळीचं खत. डुकराचं खत फक्त तेव्हाच, जेव्हा वराहपालन तीन-चार किलोमीटरच्या आत आहे, खाद्य काय देतात ते माहीत आहे आणि कुजवायला जागा व वेळ आहे. तिथे ते कोंबडीखतापेक्षा स्वस्त पडू शकतं. लांबून आणाल तर चारातले तीन टन नुसतं पाणी वाहाल.

कुठलंही घ्या, विसार देण्याआधी दोन घमेली आणा. एका ट्रेमध्ये खत आणि माती निम्मी-निम्मी, दुसऱ्यात नुसती माती, दोन्हींत वीस-वीस मेथीदाणे. पाच-सहा दिवसांनी खताच्या ट्रेमध्ये पंधरापेक्षा कमी उगवले किंवा मुळांची टोकं तपकिरी दिसली, तर तो माल अजून कच्चा किंवा खारट आहे.