ट्रेझरचा शमीर बॅकअप: तिघांचे कागद जमवून खरंच तपासून बघितला

क्रिप्टो वॉलेटचे रिकव्हरी शब्द, म्हणजे ज्यांवरून वॉलेट परत उघडता येतं ते, एकाच कागदावर असणं मला कायम धास्तीचं वाटायचं, कागद हरवला तरी सगळं गेलं आणि दुसऱ्याच्या हाती लागला तरी सगळं गेलं. म्हणून ट्रेझर सेफ ५ हे वॉलेटचं छोटं डिव्हाइस घेतलं तेव्हाच शमीर बॅकअप लावला, म्हणजे गुपिताचे वेगवेगळ्या कागदांवरचे पाच हिस्से (शेअर) आणि त्यातले कुठलेही तीन पुरेत. एक माझ्याकडे, एक लॉकरमध्ये, बाकीचे ताई, मावशी आणि एका मित्राकडे.

यामागचं गणित अदी शमीर यांनी १९७९ मध्ये मांडलं. तीन बिंदू दिले की त्यांतून पॅराबोला प्रकारचा एकच वक्र काढता येतो, दोनच दिले तर असंख्य निघतात, तसंच हे, त्यामुळे दोन कागद चोरणाऱ्याकडे कितीही तगडा कॉम्प्युटर असू दे, गुपिताबद्दल त्याला काही म्हणजे काहीच कळत नाही.

पण गणित तर बाकीच्या टूलमध्येही हेच असतं. आधी मी एक कमांड लाइनवालं वापरायचो, त्यात शेअर म्हणजे आकडे-अक्षरांची लांबलचक ओळ, कागदावरून टाइप करताना एका ठिकाणी बी च्या जागी सहा पडला आणि त्याने चकार शब्द न काढता चुकीचंच गुपित काढून दिलं, पाचातला कुठला कागद चुकलाय हेही कळेना, अख्खी दुपार गेली त्यात. खरा फरक इथे आहे. ट्रेझर शेअर लिहायची स्लिप-३९ ही ठरलेली पद्धत वापरतं, एका शेअरमध्ये २० इंग्रजी शब्द, ते १०२४ शब्दांच्या ठरलेल्या यादीतले, पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ओळखता येतो आणि शेवटचे तीन शब्द चेकसम, म्हणजे लिहिण्यातली चूक पकडणारे. मी मुद्दाम एक शब्द बदलून टाकला तर तो शेअर घेतलाच नाही, तोच कागद दुसऱ्यांदा दिला तर तेही सांगितलं.

ताई म्हणाली, "अरे फोनवर वाचून दाखवते ना, कशाला यायचं?" मी म्हटलं, "नको गं, कागद घेऊनच ये." ती आली, मावशीही आली, आणि ट्रेझरच्या 'चेक बॅकअप' या तपासणीच्या सोयीत तीन कागदांचे साठ शब्द डिव्हाइसच्या स्क्रीनवरच टाकले, कॉम्प्युटरला एकही शब्द कळू न देता. जुळलं तेव्हा जो जीव भांड्यात पडला!

खटकणाऱ्या गोष्टी पण आहेत. पासफ्रेज (रिकव्हरी शब्दांवर लावायचा जादा पासवर्ड) लावला असेल आणि तो चुकला तर एरर येत नाही, सरळ दुसरंच रिकामं वॉलेट उघडतं, घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. किती शेअर लागतात हा आकडाही शेअरमध्येच असतो, म्हणजे कागद मिळालेल्याला तेवढं कळतं. आणि पाचपैकी पाच असला हट्ट करू नका, २०२५ मध्ये क्रिप्टोग्राफर लोकांच्याच आयएसीआर संस्थेच्या निवडणुकीत निकाल उघडायला तिघांकडच्या तिन्ही डिजिटल किल्ल्या लागणार होत्या, एक हरवली आणि निकालच उघडता आला नाही, मतदान परत घ्यावं लागलं.

आता मित्र दूर राहायला चाललाय म्हणून नवीन सेट काढायचाय. नवीन काढल्याने जुने शेअर बाद होत नाहीत, म्हणून नवा सेट तपासून जुळला की माझा, ताईचा आणि मावशीचा जुना कागद जाळणार, मग उरलेल्या दोघांतून काहीच उघडत नाही.