किन्नौरच्या बर्फातील जिम्नी : एका हिवाळ्याच्या वापरानंतर

शिरोलीच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करतो, तेथे जलविद्युत प्रकल्पांच्या झडपांसाठी लागणारे ओतीव भाग तयार होतात आणि ते जागेवर बसवल्यानंतरची तपासणी माझ्याकडे असते. हिमाचलमधील नद्यांचे पाणी हिवाळ्यात आटत असल्यामुळे यंत्रे बंद ठेवून दुरुस्ती करण्याचा हंगामही नेमका तोच असतो, म्हणजे बर्फ पडू लागला की आमचे काम सुरू होते. १,५०० मेगावॅटचा नाथपा झाकरी किंवा मुळात १,००० मेगावॅटचा करछम वांगटू यांसारखे मोठे प्रकल्प राष्ट्रीय महामार्ग ५ च्या आसपास आहेत आणि तेथवर कोणतीही गाडी जाते. अडचण असते ती ओढ्यांवरच्या लघु प्रकल्पांची, कारण तेथे नेणारे रस्ते एका गाडीपुरते रुंद, तीव्र चढाचे आणि बर्फ काढण्याच्या यादीत अगदी शेवटी येणारे असतात. या रस्त्यांसाठी मी मारुती सुझुकीची पाच दारांची जिम्नी मॅन्युअल गिअरमध्ये घेतली, दिवाळीनंतर ती कोल्हापूरहून चालवत वर नेली आणि होळीच्या सुमारापर्यंत रामपूर बुशहरला ठेवून वापरली.

गाडीची मूलभूत माहिती बहुतेकांना आहेच : दीड लिटरचे पेट्रोल इंजिन, सुमारे १०५ पीएस ताकद, शिडीसारखी चौकट, पुढे-मागे अखंड आस (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकच ताठ आडवा भाग), २१० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स आणि टू-हाय (जोर फक्त मागच्या दोन चाकांना), फोर-हाय (जोर चारही चाकांना) आणि फोर-लो (चारही चाकांना, कमी वेगात जास्त जोर) अशा तीन जागा असलेला वेगळा दांडा. खरेदी करताना आपण सगळे चढाचा विचार करतो. चार महिने बर्फात काढल्यानंतर माझे ठाम मत असे झाले आहे की या दांड्याचे पैसे उतारावर वसूल होतात.

याचे कारण यंत्रणेतच आहे. टू-हायमध्ये इंजिनचा रोध, म्हणजे अॅक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन चाकांचा वेग जो रोखून धरते तो, फक्त मागच्या चाकांवर येतो, आणि निसरड्या उतारावर गिअर कमी केला की मागची चाके धरण्याऐवजी घसरतात व गाडीचा मागचा भाग बाजूला येऊ लागतो. फोर-हाय किंवा फोर-लो लावल्यावर पुढची आणि मागची आस एकमेकींना जोडली जाते, त्यामुळे तोच रोध चारही चाकांत वाटला जातो आणि एखाद्या चाकावर त्याच्या पकडीपेक्षा जास्त भार येण्याची शक्यता कमी होते. किन्नौर जिल्ह्यातील सांगल्याकडून करछमकडे उतरताना, जेथे बास्पा नदी खोल दरीत उजव्या-डाव्या हाताला दिसत राहते, मी पूर्ण थांबून फोर-लो लावत असे, पहिला गिअर टाकत असे आणि दोन्ही पाय पेडलवरून काढून घेत असे. इंजिन एका सुरात घुमत राहते, गाडी माणसाच्या चालीने उतरते, आणि चाकाखाली दाबला जाणारा बर्फ करकर वाजत असेल तर पकड आहे असे समजावे. तो आवाज थांबून एकदम शांतता झाली, तर चाकाखाली बर्फाऐवजी गोठलेले पाणी आले आहे. अशा वेळी स्टिअरिंग सरळ ठेवून तो पट्टा निघून जाऊ देणे एवढेच हातात असते. गाडीत उताराचा वेग आपोआप राखणारी सोयही आहे, परंतु ती ब्रेक वापरून काम करते, म्हणून निखळ गोठलेल्या पट्ट्यावर मला इंजिनचा मंद, सलग रोध अधिक भरवशाचा वाटतो.

ब्रेकच्या बाबतीत मात्र चार चाकांच्या जोराचा काडीचाही उपयोग नाही, आणि ही गोष्ट आपल्याकडील प्रत्येक खरेदीदाराला निक्षून सांगितली पाहिजे. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून सुमारे ५ मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर त्याच गाडीला १५ ते २० मीटर लागतात आणि गोठलेल्या पाण्यावर ३५ मीटरच्या आसपास, तेही सपाटीवर. उतार असेल तर हे अंतर आणखी वाढते. येथे फरक पडतो तो टायरचा. गाडीबरोबर आलेले टायर महामार्गासाठी ठीक आहेत, पण तापमान ७ अंशांच्या खाली गेले की साध्या टायरचे रबर कडक होऊ लागते. मी त्याच मापाचे, म्हणजे १९५/८० आर १५ चे, बाजूवर तीन शिखरे आणि हिमकण यांचे चिन्ह असलेले टायर घातले. केवळ ‘एम प्लस एस’ (चिखल आणि बर्फ) अशी अक्षरे पाहून टायर घेऊ नये, कारण ती अक्षरे नक्षीच्या रचनेवरून दिली जातात, तर शिखरांचे चिन्ह बर्फावरील प्रत्यक्ष चाचणीनंतर मिळते. साखळ्या गाडीत कायम असाव्यात, त्या कोणत्या चाकांना लावायच्या हे गाडीच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे आणि चढाच्या किंवा उताराच्या आधीच्या सपाट जागेवर लावाव्यात. घसरायला लागल्यावर खाली वाकून साखळी लावणे जिवावर बेतू शकते.

उंचीचा परिणाम स्पष्ट जाणवतो. या इंजिनाला टर्बो, म्हणजे हवा दाबून आत भरणारे यंत्र, नाही, आणि ३,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जवळपास तीन चतुर्थांश उरते, म्हणून ताकदही त्याच प्रमाणात उतरते. ३,४५० मीटरवरच्या चितकुलच्या दिशेने रकछम ओलांडल्यावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रेंगाळते आणि पहिला गिअर पुन्हापुन्हा टाकावा लागतो. तरीही पेट्रोलचा एक मोठा फायदा आहे. कडाक्याच्या थंडीत साध्या डिझेलमधील मेण गोठून फिल्टर तुंबतो, आणि म्हणूनच २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे वेगळे डिझेल आणले. पेट्रोलच्या गाडीला ही चिंता नाही. टाकी मात्र ४० लिटरचीच आहे आणि फोर-लोमध्ये इंधन भराभर संपते. रामपूरला टाकी काठोकाठ भरल्याशिवाय मी कधीही वर निघालो नाही.

कोल्हापूरच्या हवेत वाढलेल्या गाडीला थंडीची तयारी वेगळी करावी लागते. निघण्यापूर्वी रेडिएटरमधील मिश्रण तपासून घ्यावे. आपल्याकडे उन्हाळ्यात पातळी कमी झाली की साधे पाणी ओतण्याची सर्रास पद्धत आहे, आणि माझ्या गाडीतही एका सेवा केंद्राने तेच केले होते. ग्लायकॉल आणि पाणी समप्रमाणात असेल तर ते उणे ३५ अंशांच्या खालपर्यंत गोठत नाही. नुसते पाणी गोठून फुगले तर इंजिनचा ठोकळाच तडकू शकतो, आणि ओतकामात आयुष्य गेलेल्या माणसाला तडकलेल्या ठोकळ्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नये, कारण ओलावा गोठून तो तसाच जखडतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत. वायपर काचेपासून उचलून ठेवावेत. सकाळी काचेवर गरम पाणी ओतू नये, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावे आणि इंजिन तापू द्यावे.

आता या यंत्रणेची मर्यादा. पुढची आणि मागची आस जोडली असताना दोघींना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे मधले डिफरन्शियल या गाडीत नाही. त्यामुळे कोरड्या डांबरावर फोर-हाय लावून वळण घेतले की यंत्रणेत पीळ भरतो, स्टिअरिंग जड होते आणि भागांची झीज होते. किन्नौरच्या रस्त्यांवर हा प्रश्न दर वळणाला उभा राहतो : उन्हाच्या बाजूचा डांबरी रस्ता खडखडीत कोरडा आणि पुढचे सावलीतले वळण झऱ्याचे पाणी गोठून काचेसारखे झालेले. टू-हाय ते फोर-हाय हा बदल सरळ रस्त्यावर चालत्या गाडीत करता येतो, म्हणून सावली दिसताच आधीच दांडा सरकवण्याची सवय लावून घ्यावी लागते. फोर-लो मात्र थांबूनच. स्थानिक पिकअपचालक हिवाळ्यात सकाळी दहाच्या आधी आणि दुपारी तीननंतर या वाटांवर शक्यतो जात नाहीत. मीही कामाच्या वेळा त्याप्रमाणे ठरवून घेतल्या, आणि प्रकल्पाच्या अभियंत्यांनी त्याला कधी हरकत घेतली नाही.

कामाची गाडी म्हणून पाहिले तर सामानाची जागा अपुरी आहे. मागची आसने उभी असताना सुमारे २०८ लिटरच मिळतात, त्यामुळे टॉर्क पाना, गॅस्केटच्या पेट्या, फावडे, साखळ्या आणि ओढण्याचा पट्टा यांसाठी आसने पाडावी लागतात आणि गाडी दोघांचीच उरते. महामार्गावर लांबचा पल्ला गाठताना चौथ्या-पाचव्या तासानंतर पाठ बोलू लागते, कारण अखंड आसेमुळे रस्त्यातील प्रत्येक सांध्याचा धक्का आत पोहोचतो. कोल्हापूर ते दिल्ली हा टप्पा कुटुंबाला घेऊन करण्यासाठी ही गाडी मी सुचवणार नाही.

परत आल्यानंतर पुढच्या व मागच्या आसेवरील दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्स्फर केस (इंजिनचा जोर पुढच्या-मागच्या आसेत वाटणारी पेटी) यांमधील तेल काढून पाहिले. ओढ्यांतून गेलेल्या गाडीत ते दुधट झालेले असेल तर पाणी शिरले आहे असे समजावे. माझ्या गाडीत ते स्वच्छ होते. ज्यांचा वावर गगनबावडा, राधानगरी, दाजीपूर एवढ्यापुरता आहे, त्यांना पावसाळ्यातल्या तांबड्या चिखलात फोर-हाय पुष्कळ उपयोगी पडेल आणि फोर-लोची गरज क्वचितच लागेल. ज्यांना कामासाठी खरोखरच हिमाचल-उत्तराखंडच्या आडवाटांवर जायचे आहे, त्यांनी गाडीच्या किमतीतच टायर आणि साखळ्यांचा खर्च धरावा, आणि पहिला बर्फ पडण्यापूर्वी एखाद्या ओळखीच्या कोरड्या, कच्च्या उतारावर फोर-लोमध्ये पाय न लावता उतरण्याचा भरपूर सराव करावा. पन्हाळ्याच्या मागच्या बाजूचे कच्चे रस्ते त्यासाठी उत्तम आहेत.