नाव खरं, आयएसएसएन खरा, नियतकालिक मात्र नकली

स्पॅनिश आणि लॅटिन अमेरिकन साहित्यावर संशोधन करणाऱ्यांनी, त्यातही पीएचडी नुकतीच आटोपून पहिले लेख पाठवायला लागलेल्यांनी, हे वाचाच. एका नकली नियतकालिकाने माझ्याकडून ३८० युरो घेतले आणि लेखही घेतला. पैशांचं दुःख कधीतरी विसरता येईल, पण लेख गेला तो गेलाच. कसा गेला हे बारकाईने सांगते, कारण नुसतं ‘सावध राहा’ म्हणून कोणाचाच बचाव होत नाही.

लेख सोर हुआना इनेस दे ला क्रूस या सतराव्या शतकातल्या मेक्सिकोच्या जोगीण-कवयित्रीच्या १६९१च्या पत्रावर होता. पुएब्लाच्या बिशपांनी १६९० मध्ये तिचं धर्मशास्त्रावरचं टीकालेखन छापलं आणि ‘सोर फिलोतेआ’ हे जोगिणीचं नाव घेऊन तिला चार उपदेशाच्या गोष्टी सुनावल्या. त्यावर तिने जे उत्तर दिलं ते हे पत्र. बाईने शिकावं का, या प्रश्नाला तिच्या काळात इतकं निर्भीड उत्तर फार कोणी दिलेलं नाही. त्यातल्या कोर्टकचेरीच्या भाषेवर मी बराच काळ काम करत होते.

अशात नव्या स्पेनच्या, म्हणजे स्पेनच्या ताब्यातल्या मेक्सिकोच्या, वसाहतकालीन साहित्यावर विशेषांक काढत असल्याचा मेल आला. नियतकालिक लॅटिन अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचं, आमच्या विषयातल्या कोणालाही माहीत असलेलं. साइटवर संपादक मंडळाची खरी नावं होती, खरा आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक, होता, जुन्या अंकांच्या अनुक्रमणिका होत्या आणि लेख पाठवण्याची व्यवस्था ओपन जर्नल सिस्टिम्सवर चालत होती. हे सॉफ्टवेअर मोफत आहे. शेकडो चांगली नियतकालिकं त्यावर चालतात, आणि तेच उतरवून घेऊन कोणीही तासाभरात तशीच दिसणारी साइट उभी करू शकतो. साइटच्या पत्त्यात फरक होता तो दिसायला फक्त एका जोडरेघेचा. खऱ्या नियतकालिकाचं पान विद्यापीठाच्या मुख्य पत्त्याखाली होतं, या लोकांनी वेगळा पत्ता विकत घेतला होता.

आमच्या क्षेत्रात असं करणं सोपं का जातं, हेही समजून घ्यायला हवं. इथे नावांचा गोंधळ मुळातच आहे. लिव्हरपूलमध्ये १९२३ साली निघालेलं ‘बुलेटिन ऑफ स्पॅनिश स्टडीज’ १९४९ पासून ‘बुलेटिन ऑफ हिस्पॅनिक स्टडीज’ झालं. पुढे ग्लासगोहून निघणाऱ्या वेगळ्या नियतकालिकाने २००२ मध्ये ते जुनं नाव घेतलं. आज दोन्ही चालू आहेत आणि दोन्ही उत्तम आहेत. ‘हिस्पानिया’ नावाचीही दोन आहेत. एक अमेरिकेतल्या स्पॅनिश-पोर्तुगीज शिक्षकांच्या संघटनेचं, दुसरं माद्रिदचं, इतिहासाला वाहिलेलं. शिवाय पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं १९३३ पासूनचं ‘हिस्पॅनिक रिव्ह्यू’ आहे, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचं ‘रेविस्ता इस्पानिका मोदेर्ना’ आहे. खऱ्याखऱ्यांचीच नावं एकमेकांत इतकी मिसळतात, तर ‘हिस्पॅनिक’, ‘रेविस्ता’ (नियतकालिक), ‘एस्तुदिओस’ (अभ्यास) यांतले दोन शब्द जुळवून केलेलं नाव कोणालाही खोटं वाटत नाही. आणि माझ्या बाबतीत तर नावही उसनं होतं, जसंच्या तसं उचललेलं.

आता ज्या परीक्षणावरून मला तेव्हाच शंका यायला हवी होती, त्याबद्दल. लेख पाठवल्यावर थोड्याच दिवसांत परीक्षकांचे म्हणून दोन अहवाल आले. पहिल्यात लिहिलं होतं की विषय रोचक आहे, निष्कर्ष आणखी ठळक करावेत, कळीचे शब्द वाढवावेत. दुसऱ्यात एक वाक्य होतं: नमुन्याची संख्या आणि निवडीची पद्धत स्पष्ट करावी. एका जोगिणीने लिहिलेल्या एका पत्रावरचा लेख, त्यात नमुन्याची संख्या कसली! वैद्यकीय किंवा समाजशास्त्राच्या लेखांसाठीचा तयार मजकूर त्यांनी नाव बदलून पुढे सरकवला होता.

खरं परीक्षण कसं असतं, हे मला आधीच्या एका लेखामुळे माहीत होतं. तिथल्या परीक्षकाने विचारलं होतं की, पत्रातली अवतरणं १७००च्या माद्रिद आवृत्तीतून घेतली आहेत की साल्सेदांनी १९५७ मध्ये संपादित केलेल्या खंडातून, आणि दोन्हींतल्या विरामचिन्हांच्या फरकाने माझ्या एका वाक्याचा अर्थ बदलतो हे लक्षात आलं आहे का? तो अहवाल वाचून मी रात्रभर चरफडत होते. पण त्या माणसाने लेख वाचला होता. ओळ न् ओळ.

अहवालांमागोमाग स्वीकृतीचं पत्र आणि त्यासोबत ‘प्रकाशन खर्चा’चं बिल आलं. विशेषांक छपाईला चालला आहे, आठवड्यात पैसे भरा, असा तगादा. खातं विद्यापीठाच्या नावावर नव्हतं, एका व्यक्तीच्या नावावर होतं, आणि बँकही तिसऱ्याच देशातली. विचारलं तर उत्तर आलं की आर्थिक व्यवहार बाहेरची संस्था पाहते. मोठ्या प्रकाशनांत असं खरोखर असतं, म्हणून ते उत्तर खपून जातं. या लोकांचं कसब इथेच आहे. त्यांची प्रत्येक थाप कुठल्या तरी खऱ्या पद्धतीला चिकटवलेली असते.

लेख ‘प्रसिद्ध’ झाला तेव्हा दिलेला डीओआय, म्हणजे ऑनलाइन लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, टाकून पाहिला. असा क्रमांक नोंदलेलाच नाही, असं उत्तर आलं. मग मी विद्यापीठाच्या विभागाच्या पानावरून संपादकांचा पत्ता शोधून त्यांना लिहिलं. दुसऱ्याच दिवशी त्यांचं उत्तर आलं, अतिशय सौजन्याचं: असा विशेषांक काढलेला नाही, तुमचा लेख आमच्याकडे आलेला नाही, आम्ही लेखकांकडून कधीही पैसे घेत नाही, आणि तुम्ही पहिल्या नाही.

लेख काढून टाका म्हटल्यावर नकली मंडळींनी ‘माघार शुल्क’ मागितलं, मूळ बिलाहूनही जास्त. ते मी भरलं नाही, तुम्हीही भरू नका. पैसे दिल्यावर लेख उतरवतील याची काही खात्री नाही. हा माणूस आणखी देऊ शकतो, एवढंच त्यांना कळतं. बँकेकडे तक्रार केली. व्यवहार स्वतःहून केलेला असल्याने रक्कम परत मिळाली नाही.

खरं नुकसान इथून सुरू होतं. कुठलंही चांगलं नियतकालिक लेख अप्रकाशित असल्याची लेखी हमी मागतं आणि मजकुराची जुळणी सॉफ्टवेअरने तपासतं. माझा मजकूर आता इंटरनेटवर उघडा पडला आहे. स्पेनमध्ये प्राध्यापकांच्या संशोधनाचं सहा-सहा वर्षांच्या टप्प्याने मूल्यमापन होतं, त्याला सेक्सेनिओ म्हणतात, आणि त्यासाठी निवडक पाच कामं पुढे ठेवायची असतात. त्या पाचांतलं एक असं निघालं तर काय होईल, याचा विचार करा. अमेरिकेत कायम नेमणुकीच्या समितीपुढे तर एकेका लेखाचा हिशेब होतो.

म्हणून काही गोष्टी पाठवण्यापूर्वीच तपासा. सगळ्यात आधी पैशांची. आमच्या विषयातली बहुतेक जुनी नियतकालिकं विद्यापीठांच्या किंवा संशोधन संस्थांच्या खर्चाने चालतात. मेनेन्देस पिदाल यांनी १९१४ मध्ये सुरू केलेलं ‘रेविस्ता दे फिलोलोहिया एस्पान्योला’ असो की एल कोलेहिओ दे मेहिकोचं १९४७ पासूनचं ‘नुएवा रेविस्ता दे फिलोलोहिया इस्पानिका’, लेखकाने पैसे भरायची तिथे रीतच नाही. काही संघटना लेखकाने सभासद असावं अशी अट घालतात, ते वेगळं. ती वर्गणी नियमांत आधीच लिहिलेली असते, स्वीकृतीनंतर अचानक उगवत नाही.

आयएसएसएनवर विसंबू नका. तो फक्त ओळखीचा क्रमांक आहे, गुणवत्तेशी त्याचा संबंध नाही, आणि तो कोणीही आपल्या पानावर चिकटवू शकतो. दिआल्नेट, रेदालिक, सायलो किंवा डीओएजे यांच्या ऑनलाइन सूचीत स्वतः जाऊन नियतकालिक शोधा आणि तिथून त्याच्या साइटवर जा. मेलमधल्या दुव्यावरून कधीच नाही. एमएलए या भाषा-साहित्याच्या अमेरिकन संघटनेच्या नियतकालिक-निर्देशिकेत निर्णयाला किती वेळ लागतो, वर्षाला किती लेख येतात आणि किती छापले जातात, अशी माहिती अनेक नोंदींत मिळते. मात्र एकाच सूचीवर भिस्त ठेवू नका. नक्कल केलेल्या नियतकालिकांचे लेख स्कोपस या संशोधन-लेखांच्या मोठ्या सूचीतसुद्धा शिरल्याचं संशोधकांनी दाखवून दिलं आहे. मागे घेतलेल्या शोधलेखांवर लक्ष ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉच या साइटने अशा नकलांची वेगळी यादी ठेवली आहे, तीही चाळा. आणि मंडळावर नाव दिसतं म्हणजे ती व्यक्ती तिथे आहे असं धरून चालू नका. २०१५ मध्ये पोलंडच्या संशोधकांनी एका काल्पनिक बाईचा अर्ज संपादकपदासाठी ३६० नियतकालिकांकडे पाठवला होता, तेव्हा ४८ जणांनी तिला घेतलं.

खऱ्या संपादकांनाही मला एक कळकळीने सांगायचं आहे. लेख वर्षभर पडून राहतो, विचारलं तर उत्तर येत नाही, शेवटी दोन ओळींचा नकार येतो, हे आमच्यापैकी कित्येकांनी सोसलं आहे. परीक्षक विनामोबदला काम करतात, माणसं मिळत नाहीत, हे मान्य. पण लेख पोचला, परीक्षकांकडे गेला, अजून वेळ लागेल, एवढं तरी कळवत जा. ज्याची नेमणूक वर्षाअखेर संपणार आहे, त्याला तुमच्या मौनापेक्षा नकली मंडळींचा तत्पर होकार जवळचा वाटणारच.

माझा लेख अजून त्या साइटवर आहे. खऱ्या नियतकालिकाने आपल्या पानावर इशारा लावला आहे, आणि संपादकांचं पत्र मी माझ्या कागदपत्रांत जोडून ठेवलं आहे. त्या ‘विशेषांका’त ज्यांची नावं आहेत त्यांना मी एकेक करून लिहिते आहे. आतापर्यंत ज्यांनी उत्तर दिलं, त्यांतल्या बहुतेकांना आपला लेख खऱ्या नियतकालिकातच आला आहे असं वाटत होतं.