झरमॅट : डिसेंबर ते एप्रिल, एका हंगामाचा हिशेब

आल्प्समधलं भारीतलं स्की रिसॉर्ट कुठलं घ्यावं, हे गेल्या वर्षी मीच लोकांना विचारत फिरत होतो. आम्ही झ्युरिकला राहतो. स्की मला पोटापुरतं येतं, बायकोला माझ्यापेक्षा बरंच चांगलं, आणि मुलगी सात वर्षांची. डिसेंबर २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्याच झरमॅट गावी एका पंचतारांकित हॉटेलात चार रात्री काढल्या. मग ऑफिसातल्या एका कुटुंबाबरोबर अर्ध्या भाड्यात एप्रिलअखेरपर्यंत छोटा फ्लॅट घेतला. म्हणजे श्रीमंती आणि काटकसर, दोन्ही एकाच गावात भोगून झाली.

झरमॅटच का, याचं उत्तर एका शब्दात: उंची. दोन वर्षांपूर्वी नाताळात ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूलला गेलो होतो. गाव देखणं, पण ७६० मीटरच्या आसपास. चार दिवसांत दोन दिवस पाऊस. पायात स्कीचे बूट आणि डोक्यावर छत्री, असा आमचा फोटो अजून फॅमिली ग्रुपवर फिरतो. झरमॅट गावच १,६०० मीटरवर आहे आणि रोपवे ३,८८३ मीटरपर्यंत जातो. बर्फाची काळजी मिटते. स्वित्झर्लंडमधलंच सेंट मॉरिट्झही उंच, १९२८ आणि १९४८ अशी दोन हिवाळी ऑलिंपिक तिथे झालेली. पण तिथले स्कीचे डोंगर विखुरलेले, एकाकडून दुसऱ्याकडे जायला बस पकडावी लागते. फ्रान्समधल्या कुर्शव्हेलला हॉटेलच्या दारातून थेट उतारावर जाता येतं, हे मान्य. पण शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटून झ्युरिकहून तिकडे पोहोचणं जमणारं नव्हतं. झरमॅटला रेल्वेने सव्वातीन तास, फिस्पला गाडी बदलायची, बस्स. गावात पेट्रोलच्या गाड्यांना बंदी आहे. गाडीने येणाऱ्यांनी ती अलीकडच्या टेश गावात ठेवून १२ मिनिटांची शटल रेल्वे घ्यायची.

आता हॉटेल. गालिचे, संगमरवर, उशीवर चॉकलेट, सगळं होतं. ‘मॅटरहॉर्न दिसणारी खोली’ म्हणून जादा पैसे मोजले (मॅटरहॉर्न म्हणजे इथला प्रसिद्ध डोंगर); दिसायचा, पण बाल्कनीच्या कठड्यावर पोट टेकवून डावीकडे मान काढली तर. खरा त्रास वेगळाच निघाला. झरमॅट हे लांबट गाव. स्टेशनापासून वरच्या टोकाच्या मोठ्या रोपवेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालणं, तेही निसरड्या रस्त्यावर, कडक प्लॅस्टिकच्या बुटांत, खांद्यावर आपली स्की आणि काखेत मुलीची. हॉटेलची इलेक्ट्रिक टॅक्सी असते, पण पावणेनऊला सगळ्यांनाच ती हवी असते. तिसऱ्या दिवशी मुलगी रस्त्यातच बसली आणि म्हणाली, “बाबा, मी इथेच स्की करते.” म्हणून बुकिंग करताना तारे मोजू नका, दारापासून लिफ्टपर्यंतची, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या रोपवेपर्यंतची, पावलं मोजा. लिफ्टजवळ सामान ठेवायला लॉकर भाड्याने मिळतात. ते पहिल्याच दिवशी घ्या, आम्हाला जानेवारीत सुचलं.

बुटांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण सुट्टी बिघडते ती इथेच. दुकानदाराने मला आरामशीर वाटेल असा बूट दिला. आरामशीर म्हणजे मोठा. दोन दिवसांत नडगी सोलवटली, अंगठ्याचं नख काळंनिळं. पुढच्या वेळी एका म्हाताऱ्या कारागिराने बुटातलं मऊ अस्तर काढलं, नुसत्या कवचात पाय घालायला लावला, बोटं पुढे टेकवली आणि टाचेमागे स्वतःची दोन बोटं घालून पाहिली. दोन बोटं मावली की माप बरोबर. मोजा एकच आणि पातळ. थंडी वाजते म्हणून दोन चढवले की बूट चावतो आणि पाय उलट जास्त गार पडतो.

अगदी नवशिक्यांसाठी ही जागा पहिल्या पसंतीची नाही. गावाच्या पायथ्याशी सरावाचा उतार नाही. डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून जाणाऱ्या फ्युनिक्युलरने (दोराने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेने) वरच्या सुनेगा स्थानकाला जायचं, तिथून खाली मुलांचा उतार. मुलगी तिथे शिकली आणि मार्चपर्यंत मला मागे टाकू लागली. संध्याकाळी गावाकडे येणारे उतार गोठलेले आणि गर्दीचे असतात. मी निमूटपणे लिफ्टने खाली यायचो.

स्की करत इटलीत चेर्विनियाला उतरण्याची गंमत मात्र इथलीच. पास वेगळा आणि महाग, पण तिकडची कॉफी बरीच स्वस्त, तेवढंच समाधान. वाऱ्यावर लक्ष ठेवा. वरचे रोपवे वाऱ्याने बंद झाले तर परत यायला डोंगराला वळसा घालून रस्त्याने काही तास लागतात. एकदा आम्ही जेवण अर्धं टाकून पळालो होतो.

फेब्रुवारीत नाशिकहून आई-बाबा आले. स्की न करणाऱ्यांना इथे खूप काही आहे. १८९८ सालापासून चालणारी गोर्नरग्राटची दातेरी चाकांची रेल्वे ३,०८९ मीटरवर नेते. चढताना उजवीकडे बसा. स्विस हाफ-फेअर कार्ड असेल तर निम्मं तिकीट. हौसेने त्यांना ३,८८३ मीटरवरही नेलं, ते चुकलं. पंधरा मिनिटांत आईचं डोकं ठणकायला लागलं, तसेच खाली आलो. जेवणाचा प्रश्न रोश्टीने सोडवला. पहिला घास घेऊन आई म्हणाली, “अगं बाई, हा तर बटाट्याचा कीस, नुसता थापून भाजलाय!” शाकाहारी असाल तर त्यात डुकराचं मांस नाही ना, हे आधी विचारा.

एप्रिल २०२५ मध्ये ईस्टरच्या तोंडावर इतका बर्फ पडला की रेल्वे आणि रस्ता दोन्ही बंद. आम्ही त्या गुरुवारी निघणार होतो, झ्युरिकलाच अडकलो. जानेवारी २०१८ मध्ये असेच सुमारे १३,००० पर्यटक गावात अडकून पडले होते. एकच दरी, एकच वाट. परतीचं विमान आणि झरमॅटची शेवटची रात्र यांत एक दिवस मोकळा ठेवाच.

पुढच्या डिसेंबरसाठी फ्लॅट ठरवलाय. या वेळी स्वयंपाकघर अगदीच अरुंद आहे, खिडकीतून मॅटरहॉर्न दिसत नाही, पण सुनेगाच्या बोगद्याचं तोंड ऐंशी पावलांवर आहे. मुलीने स्वतः मोजली.