मेघाची मैफल म्हणून विकलेली फाइल

गेल्या आषाढात इंदूरच्या आम्हां अकरा गाणंवेड्यांचे मिळून ५१,५०० रुपये एका माणसाने जुन्या मैफलीची टेप देतो म्हणून फसवून नेले. त्याचा उद्योग अजून चालू आहे असं परवा कळलं, म्हणून सगळं तपशिलात लिहितोय.

आमचा मोबाइलवरचा गट तसा साधा. कोणी रामबागेतले, कोणी लोकमान्य नगरातले, दोघीजणी आता पुण्याला गेलेल्या. दर ऋतूला प्रत्येकाने आपली यादी टाकायची. वसंतात बहार आणि हिंडोल, पावसात मल्हाराचे सगळे प्रकार, थंडीत ज्याला जे जवळचं वाटेल ते. लताबाईंचा जन्म इंदूरचा, त्यामुळे २८ सप्टेंबरला दिवसभर फक्त त्यांचीच गाणी. एक वहिनी माहेरच्या देवासच्या. त्या पावसाळा लागला की कुमार गंधर्वांच्या ‘गीतवर्षा’ या पावसाच्या गाण्यांच्या कार्यक्रमाबद्दल इतकं सुंदर लिहितात की आम्ही वाट बघत असतो. नुसती यादी चालत नाही, सोबत एक आठवण लिहायची, असा आमचा रिवाज. त्या माणसाला नेमक्या या आठवणीच हव्या होत्या.

मी यादीत इंदूर घराण्याचे गायक अमीर खाँसाहेबांचा मेघ हा पावसाळी राग लिहिला आणि खाली बाबांची गोष्ट. बाबा आता ८४ वर्षांचे आहेत. विशीत असताना त्यांनी इथल्याच एका वाड्यात खाँसाहेबांचा मेघ ऐकला होता. बाहेर मुसळधार पाऊस, वीज गेलेली, कंदील लावून मैफल झाली. ती कोणीतरी टेप केली होती म्हणतात. पुढे ती टेप कुठे गेली याचा बाबांनी आयुष्यभर शोध घेतला. हे सगळं मी मोकळेपणाने लिहिलं. वाडा कुठला, साल साधारण कोणतं, हेसुद्धा.

त्याच्या महिनाभर आधी एक गृहस्थ गटात आले होते. जाणकार होते, हे मी आजही नाकारणार नाही. झूमरा तालाची लय खाँसाहेब किती संथ ठेवत, मेरुखंडाने, म्हणजे स्वरांच्या उलटसुलट मांडणीने, तीन-चार स्वरांतून केवढं उभं करत, यावर त्यांनी लिहिलेलं वाचून आमच्यातल्या गाणं शिकवणाऱ्या ताईसुद्धा थक्क झाल्या. ज्याला गाणं इतकं कळतं तो खोटं कशाला बोलेल, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. आमची खरी चूक तीच.

माझी आठवण टाकून तीन आठवडे झाले आणि त्यांचा खाजगी निरोप आला. मामांच्या माळ्यावर स्पूल टेपा सापडल्यात, एकीवर ‘मेघ, इंदूर’ असं लिहिलंय. सोबत खोक्याचा फोटो. पुढचे आठ दिवस पैशाचं अवाक्षर नाही. मीच रोज विचारत होतो. मग म्हणाले, विकायचं तर मनातही नाही, फक्त टेप संगणकावर उतरवून घ्यायचा खर्च सगळ्यांनी वाटून घेऊ. माणशी २,५०० रुपये. खातं दुसऱ्याच नावाचं होतं. भाच्याचं आहे म्हणाले. तेवढ्यावर आम्ही गप्प बसलो. देवासच्या वहिनींना कुमारांची घरगुती तालीम मिळणार होती, दुसऱ्या कोणाला आणखी काही. ज्याने जी हुरहूर लिहिली होती, त्याला तेच.

मला आलेली फाइल १९ मिनिटांची. पावसाचा आवाज, मधूनच ‘वाहवा’, आणि खाँसाहेब. आवाज जरा तरुण वाटला. मैफल खाँसाहेबांच्या मेघाच्या एलपी तबकडीच्या बरीच आधीची आहे ना, म्हणून, असं त्यांचं उत्तर. बाबांना ऐकवली. ते डोळे मिटून ऐकत राहिले, शेवटी म्हणाले, “पुढचं कुठंय?” पुढचं म्हणे टेप चिकटल्यामुळे अडलं होतं. ती भट्टीत हलकी भाजून घ्यावी लागते, त्याचे ६,००० रुपये. मी शोधून पाहिलं तर टेपा खरंच अशा भाजतात. आम्ही चौघांनी पैसे भरले. अर्धंच वाचलं होतं मी. चिकटण्याची ही खोड मुख्यतः सत्तरच्या दशकापासूनच्या काही पॉलिएस्टर टेपांची आहे. त्याआधीच्या ॲसिटेटच्या टेपा भाजत नाहीत, उष्णतेने त्या उलट खराब होतात. बाबांची मैफल साठच्या दशकाच्या सुरुवातीची.

पुढचं कधीच आलं नाही. माझी भाची ध्वनिमुद्रणाचं शिकते. सुटीत घरी आली तेव्हा तिने हेडफोन लावून फाइल ऐकली आणि दोन मिनिटांत म्हणाली, “मामा, हे टेपवरून आलेलं नाही. यात टिक् टिक् आहे.” पावसाच्या आवाजाखाली एक बारीक टिक् ठरावीक अंतराने येत होती, दर १.७ सेकंदांनी. तबकडीवर ओरखडा असला की प्रत्येक फेऱ्याला असा आवाज येतो. टेपला फेरा नसतोच. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. मग १.७ का? कारण फाइल सुमारे सहा टक्के जास्त वेगाने पळवली होती. तेवढ्याने पट्टी बरोबर अर्ध्या स्वराने चढते आणि आवाज तरुण भासतो.

तिने वेग मूळ जागी आणला आणि खाँसाहेबांच्या ललित-मेघच्या एलपीतला मेघ त्याच्यावर बसवला. स्वरन् स्वर जुळला. तीच तान, त्याच जागी श्वास, तोच ठेका, त्याच क्षणी सम. सुरुवातीचा भाग तेवढा कापलेला. ख्याल गाणारा माणूस दोन रात्री एकसारखा गात नाही, हे आम्ही एकमेकांना कितीदा सांगितलंय. ती एलपी माझ्या घरात आहे. तरी मला ओळखू आली नाही, कारण मला ती मैफल हवी होती.

बाबांना सांगावंच लागलं. ते पैशांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. “खाँसाहेबांचा खर्ज उचलून वर नेला त्याने,” एवढंच म्हणाले, आणि त्यांचा हात थरथरत होता. त्यांना इतकं संतापलेलं मी फारच कमी वेळा पाहिलंय.

मी त्या माणसाला जाब विचारला, तर लगेच पैसे परत करतो म्हणून एक क्यूआर कोड पाठवला. स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील. भाचीने फोन हातातून काढून घेतला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की आपल्याच खात्यातून जातात. मग १९३० वर फोन केला, राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. सायबर सेलमधल्या हवालदारांनी नीट ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, “पैसे भेजे कितने दिन हुए?” एकोणीस. लगेच कळवलं तर पुढच्या खात्यात रक्कम अडवता येते. आमची तोवर निघून गेली होती. वहिनींनी तर आजवर घरी सांगितलेलं नाही.

खरे संग्राहक मी ओळखतो. विचारलं तर ते आधी तबल्यावर कोण होतं, कोणी टेप केलं, कुणाच्या घरी, हे सांगतात. तंबोरे लावतानाची पहिली दोन मिनिटं न कापता ऐकवतात. आम्ही यातलं काहीही विचारलं नाही. वाईट दिसेल असं वाटलं.

परवा ग्वाल्हेरच्या एका स्नेह्याने मला एक फोटो पाठवला आणि विचारलं, ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडितांची खाजगी मैफल मिळतेय, घेऊ का? खोकं तेच. करड्या रंगाचं, उजवा वरचा कोपरा फाटलेला, त्यावर चहाच्या कपाचा अर्धगोल डाग. फक्त निळ्या शाईतली अक्षरं बदललेली. तो डाग असलेला फोटो तुमच्याकडे आला, तर कितीही ओळखीच्या माणसाकडून आलेला असो, पैसे पाठवू नका. पाठवले असतील तर हे वाचणं इथेच थांबवून आधी १९३० लावा.